गोविंदाच्या गाडीतलं न सरणारं तेल

“आलं! खुणेच्या वर आलं, राजेहो!”

फुलसिंग जीपवाल्यानं इंजिनातली तेल मोजायची पोलादी काडी उंच धरली आणि माहूर रोडवरच्या कडुलिंबाखाली जमलेली दीड-दोनशे माणसं एका आवाजात ओरडली, “तैलानंद महाराज की जय!” सकाळचे आठ वाजले होते. बाया काडीवरचा काळा थेंब बोटावर घेऊन लेकरांच्या कपाळाला लावत होत्या. एक म्हातारा तोच थेंब गुडघ्याला चोळत होता. आर्णीत त्या साली एवढी माणसं दुसरीकडे दिसली असती तर कापूस खरेदीच्या फाटकावर, आणि तिथे जयजयकार करावा असं काही घडत नव्हतं.

गाडी होती गोविंदाची. पांढरी, गोल टपाची, डिझेलवर चालणारी, कुण्या साहेबाच्या दारातून लिलावात निघालेली. आर्णी ते यवतमाळ सवारी मारून गोविंदा तिच्यावर घर चालवायचा. आणि चमत्कार काय, तर या गाडीच्या इंजिनातलं तेल सरत नव्हतं! महिन्यापूर्वी हीच गाडी यवतमाळला जाऊन परत आली की अर्धा लिटर ऑइल पिऊन यायची आणि मागे निळ्या धुराचा लोट सोडायची. आता अठरा दिवस झाले, गोविंदानं तिच्यात थेंबभर तेल ओतलं नव्हतं. तरी काडी काढली की तेल खुणेवर. कधी खुणेच्या वर.

“इंजिन म्हणजे काय?” बॉनेटजवळ उभ्या महाराजांनी विचारलं. पांढराशुभ्र झब्बा, गळ्यात रुद्राक्षही आणि जपाची तसबीहही. गिऱ्हाईक कुठलंही असो, सोय दोन्हीकडची. “इंजिन म्हणजे देह! पिस्टन म्हणजे काय? प्राण! वर जातो, खाली येतो. आणि ऑइल म्हणजे रक्त! ज्याच्या रक्तालाच नजर लागली, त्याला मिस्त्रीचा पाना काय बरं करणार?”

“महाराज, माह्या लुनाचं ॲव्हरेज वाढन काय?” मागून कुणीतरी विचारलं.

“श्रद्धेनं सगळं वाढतं, बेटा. ॲव्हरेजसुद्धा.”

रस्त्याच्या पलीकडे, पत्र्याच्या शेडात, वाहिद मिस्त्री एक पाना पुसत उभा होता. तोच एक पाना तो पंधरा मिनिटं पुसत होता.

वाहिद जळत होता. उगीच कशाला शब्द मऊ करायचे? बावीस वर्षं तो या शेडात गाड्यांच्या पोटाखाली पडून काढत आला होता. नखांतला काळेपणा ईदच्या दिवशीही जात नव्हता. आर्णीतली कोणती जीप कुठल्या खड्ड्यात कशी कण्हते हे तो शेडात बसून आवाजावरून सांगायचा. आणि हा झब्बेवाला! अठरा दिवसांत याच्या हाताला एकदाही ग्रीस लागलं नाही, आणि लोक याच्या पायावर डोकं ठेवत होते. पण लोकांचंही जाऊ द्या. वाहिदला खरी टोचणी होती ती गोविंदाच्या डोळ्यांची. गोविंदा महाराजांकडे ज्या नजरेनं पाहत होता, तसं त्यानं वाहिदकडे कधीच पाहिलं नव्हतं, आणि दोघं चौथीपासूनचे दोस्त.

त्यात वाहिदचाही दोष होता. दिवाळीआधी गोविंदा गाडी घेऊन आला, तेव्हा वाहिदनं धूर पाहिला, नळीला कान लावला आणि फटकन सांगून टाकलं, “रिंगा गेल्या तुह्या. पिस्टनवरच्या रिंगा घासल्या की तेल वर चढते अन् जळते. इंजिन खोला लागन.”

“अन् नाई खोललं तं?”

“तं तेल टाकत राह्य अन् बोंबलत राह्य.”

असं बोलायचं असतं का? गोविंदाच्या सवाऱ्या म्हणजे कापूस विकून बाजाराला जाणारे लोक. कापसाला भाव नाही, म्हणून लोक घरात बसलेले, म्हणून गाडी रिकामी. इंजिन खोलायचं म्हणजे दोन आठवडे धंदा बंद. त्याला धीराचा एक शब्द हवा होता. तो वाहिदनं दिला नाही. यवतमाळहून परत येताना पुढच्या सीटवर बसलेल्या एका झब्बेवाल्या सवारीनं दिला. “इंजिन तहानलेलं नाही, बेटा. याला नजर आहे. पाव तास गाडी माझ्या हवाली कर.”

मग महाराजांनी बॉनेटवर काळं कापड अंथरलं, स्वतः कापडाखाली शिरले आणि आतून मंत्र सुरू केले. कुणी डोकवायला लागलं तर आतून दरडावणी यायची, “दूर! इंजिनाची लाज राखावी लागते!” बाहेर येऊन त्यांनी एका बाटलीतलं ‘अभिमंत्रित तेल’ ओतलं. त्या दिवसापासून धूर कमी झाला आणि तेल सरायचं थांबलं. आठवड्यानं धूर पुन्हा आला, तेव्हा महाराज म्हणाले, “येऊ दे. नजर बाहेर पडते आहे.” लोकांना ते पटलं. लोकांना काय, सगळंच पटत होतं. आता अभिमंत्रित बाटल्यांची विक्री जोरात होती आणि येत्या रविवारी तीस-पस्तीस गाड्यांवर एकदम ‘तैलाभिषेक’ होणार होता. फुलसिंगची जीप यादीत पहिली.

वाहिदनं पाना खाली टाकला आणि रस्ता ओलांडला.

“पहाटं पहाटं येऊन हा तेल टाकून जाते,” तो गर्दीसमोर म्हणाला. “तुम्ही झोपले राह्यता, अन् हा डबा ओतते. एवढाच चमत्कार आहे.”

“तू पाह्यलं काय?” गोविंदा पुढे आला.

“पाह्यलं नाई. पन दुसरं काय असन?”

“वाहिदभाई, तुह्या पोटात दुखून राह्यलं,” फुलसिंग म्हणाला आणि लोक हसले. “तुह्या शेडात गाडी नाई आली, म्हनून जळून राह्यला बे तू!”

“जळतो तं जळतो! लाव परीक्षा. तेल टाकायच्या झाकनाले अन् काडीच्या नळीले लाख लावून मोहर करू. गोविंदा यवतमाळले जाऊन येईन, मी संग बसतो. परत आल्यावर तेल कमी निघालं, तं हा झब्बा आर्णी सोडन. नाई निघालं, तं मी समद्याइच्या समोर याच्या पाया पडतो.”

महाराज मंद हसले. त्या हसण्यानं खरं तर वाहिदनं सावध व्हायला हवं होतं. इतका निवांत हसणारा माणूस पहाटे डबे ओतत नसतो. पण जळणाऱ्या माणसाला समोरचा चोर दिसतो, चोरी दिसत नाही.

लाख लावली, मोहर केली. वाहिद गोविंदाच्या शेजारी बसला. दुपारी गाडी कडुलिंबाखाली आली, गर्दी दुपटीनं वाढलेली. सगळ्यांसमोर लाख फोडली. वाहिदनं काडी काढली, घाईत शर्टच्या कडेला पुसली, पुन्हा आत घालून काढली आणि पाहिली.

तेल कमी झालं नव्हतं. बोटभर वाढलं होतं.

पुढचं सांगायला जिवावर येतं, पण सांगायलाच हवं. वाहिदला शब्द पाळावा लागला. महाराजांनी उजवा पाय अंमळ पुढे केला आणि वाहिदच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “मत्सर हा इंजिनातला कचरा आहे, मिस्त्री. काढून टाक.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांत गोविंदाचेही हात होते. घरी आल्यावर वाहिदनं शर्ट काढून कोपऱ्यात भिरकावला आणि जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची बायको हजराबी नळाखाली कपडे धूत होती. अचानक तिनं हाक मारली, “ऐका ना, या शर्टाले तुम्ही घासलेट लावून ठेवलं होतं काय?”

“नाई. काहून?”

“मंग हा डाग कसा निघाला? बावीस वर्षं झाले मले तुमचे कपडे धुता. इंजिनचा काळा डाग घासलेटात भिजवल्याबिगर हलत नाई. अन् हा तं निस्त्या साबनानं निघून राह्यला. वासबी पाहा कसा येते.”

वाहिदनं शर्टची ओली कड नाकाला लावली. मग धुवायचा राहिलेला दुसरा डाग हुंगला. आणि तो तिथेच, ओल्या फरशीवर, उकिडवा बसला.

डिझेल.

“या अल्ला,” तो म्हणाला. “काल मी खून पाह्यली. वर आहे का खाली, तेवढंच पाह्यलं. काडीवर आहे काय, हे पाह्यलंच नाई!”

“मंजे?”

“मंजे तेल सरूनच राह्यलं, पह्यल्यासारखंच. पन जेवढं सरते, त्याच्यापेक्षा जास्त डिझेल आत झिरपते. काडी भरलेली दिसते. लोकं म्हनतात तेल वाढलं.” त्यानं कपाळावर हात मारला. “मी मिस्त्री ना? अन् मी त्याच्या पायावर डोकं ठेवलं!”

“मंग आताच्या आता जा अन् गोविंदाभाऊले सांगा. त्यानं काही होत असन ना गाडीले?”

“होत असन? इंजिनचं वाटोळं होईन. तेलाचं पानी झालं की बेअरिंगा जातात. अन् तेल-डिझेल मिळून लय वर चढलं, तं एक दिवस इंजिन आपल्याच पोटातलं पिऊन पळत सुटन. मंग थांबवता येत नाई. फुटते.”

“मंग जा की!”

“जातो,” वाहिद म्हणाला.

आणि तो गेला नाही.

शुक्रवारी गेला नाही, शनिवारी गेला नाही. दोन्ही दिवस संध्याकाळी हजराबीनं विचारलं आणि दोन्ही दिवस त्यानं सांगितलं, “गोविंदा भेटला नाई.” खोटं! गोविंदा समोरच्या झाडाखालीच होता. शेडात बसून वाहिद दिवसभर त्या गाडीचा आवाज ऐकत होता, आणि आवाज दर फेरीला थोडा अधिक खडखडत होता. त्याला तो खडखडाट गोड लागत होता. फुटू दे, तो मनात म्हणत होता. सगळ्या गावासमोर फुटू दे. टाळ्या वाजवल्या ना? मग महाराजाच्या झब्ब्यावर काळं तेल उडू दे आणि गोविंदानं माझ्या शेडाच्या दारात येऊन उभं राहू दे. मी आधी पाना पुसत बसेन. लगेच वर पाहणार नाही. काय काय बोलायचं, तेही त्यानं ठरवून ठेवलं होतं. आपण वाईट वागतो आहोत हे त्याला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, आणि तरी तो उठत नव्हता.

रविवार उजाडला. कडुलिंबाखाली तीस गाड्यांची रांग लागली. जीप, टेम्पो, ऑटो, दोन ट्रॅक्टर. वाहिद शेडाच्या खांबाला टेकून उभा राहिला. तो मजा पाहायला आला होता.

आधी गोविंदाच्या गाडीतून महाराजांची मिरवणूक निघायची होती. महाराज पुढच्या सीटवर बसले. मागच्या सीटवर ओवाळणीचं ताट मांडीवर घेऊन गोविंदाची बायको जया बसली. बॉनेट उघडंच ठेवलेलं, लोकांना चालत्या इंजिनाचं दर्शन घ्यायचं होतं. दहा-बारा जण माना आत घालून उभे, त्यांत एका बाईच्या कडेवर लेकरू. गोविंदानं गाडी सुरू केली.

आधी ती नेहमीसारखी खडखडली. मग कुणीही पाय न दाबता तिचा आवाज चढला. आणखी चढला. मागून पांढऱ्या-निळ्या धुराचा डोंगर उठला. गोविंदानं इंजिन बंद करायचा नॉब ओढला. काही नाही. चावी काढून हातात घेतली. काही नाही! इंजिन किंचाळत होतं, अख्खी गाडी थरथरत होती आणि जयाच्या मांडीवरचं ताट खाली सांडलं.

“चावीबिगर चालून राह्यली!” कुणीतरी ओरडलं, आणि सगळी गर्दी हात जोडून गुडघ्यांवर आली. “तैलानंद महाराज की जय!”

हात जोडले नाहीत ते एकाच माणसानं. महाराजांनी. आवाज चढला तसे महाराज दार उघडून बाहेर उडी मारते झाले, एक चप्पल गाडीतच टाकून, आणि गर्दीच्या मागच्या मागे एसटी स्टँडच्या दिशेनं चालू लागले. इंजिन काय करणार हे त्या गर्दीत त्यांना आणि वाहिदलाच माहीत होतं.

वाहिदची मजा तिथेच संपली. त्याला ती दहा-बारा डोकी दिसली, बॉनेटमध्ये वाकलेली, आणि ते लेकरू. तो धावला. शेडाच्या दारातलं ओलं पोतं त्यानं धावता धावताच उचललं.

“सरा! इंजिन फुटते! सरा मांगं!”

“हात लावू नको!” फुलसिंगनं त्याला कवेत धरलं. दुसऱ्या दोघांनी दंड धरले. “शक्ती आली आहे! इथंबी जळायलेच आला काय तू?”

“गोविंदा!” वाहिद जिवाच्या आकांतानं ओरडला. “तुह्या महाराजाले पाह्य! तो कुठी पळून राह्यला, ते पाह्य!”

गोविंदानं शेजारच्या सीटकडे पाहिलं. रिकामी सीट, एक चप्पल. मान वळवून पाहिलं, तर पांढरा झब्बा स्टँडकडे जवळजवळ पळत होता. मग मागे जया, दाराची कडी सापडत नव्हती म्हणून काचेवर हात आपटणारी.

“सोडा त्याले!” गोविंदा किंचाळला. “सोडा वाहिदले!”

वाहिदनं हवेच्या गाळणीची नळी हिसडून काढली आणि ओल्या पोत्याचा बोळा इंजिनाच्या तोंडात दाबला. दोन्ही हातांनी, छातीनं, सगळं अंग टाकून. इंजिन घुसमटलं, गुरगुरलं, दोन झटके दिले आणि बंद पडलं. लेकरू रडू लागलं. तोवर ते रडत होतं हेसुद्धा कुणाला ऐकू आलं नव्हतं.

“काय झालं हे?” गोविंदानं विचारलं. चावी अजून त्याच्या हातातच होती.

“फुलसिंग,” वाहिद धापा टाकत म्हणाला, “समोरच्या दुकानातून ऑइलचा सीलबंद डबा आन. माह्या शेडातला नको. कोनी एक पेपर द्या.”

टेम्पोच्या बॉनेटवर, उन्हात, त्यानं वर्तमानपत्राचं पान पसरलं. एक थेंब डब्यातल्या ताज्या तेलाचा. शेजारी एक थेंब गोविंदाच्या काडीवरचा. पाच मिनिटं, दहा मिनिटं. ताज्या तेलाचा थेंब होता तिथेच आळशासारखा बसून राहिला. काडीवरचा थेंब मात्र मध्ये काळा राहिला आणि त्याच्याभोवती फिकट, ओलं कडं पसरत पसरत रुपयाएवढं झालं.

“हे कडं डिझेलचं आहे,” वाहिद म्हणाला. “डिझेल पातळ, ते कागदात पळते.”

“कायचं डिझेल? महाराजाच्या तेजानं पसरलं ते!” मागून एक जण अजूनही म्हणाला.

वाहिद चिडला नाही. त्यानं वाटीत ताजं तेल घेतलं, फुलसिंगच्या जीपमधून काढलेलं चार चमचे डिझेल त्यात मिसळलं आणि तिसरा थेंब टाकला. “याले कोनत्या महाराजाचा हात लागला नाई. पाहा.” दहा मिनिटांनी तिसऱ्या थेंबाभोवती तसंच फिकट कडं होतं. मघाचा माणूस पुढे येऊन वाकून पाहून गेला.

“आता डिझेल इंजिनात गेलं कसं, ते पाहू. गोविंदा, तूच खोल. मी हात लावत नाई.”

टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप इंजिनाच्या अंगालाच बसवलेला असतो. त्याच्या आत एक रबरी पडदा. पडद्याच्या एका अंगाला डिझेल, दुसऱ्या अंगाला इंजिनाचं पोट. गोविंदानं पडदा काढून उन्हात धरला, आणि त्यातून उजेडाचे तीन ठिपके त्याच्या तोंडावर पडले.

“रबर जुनं झालं की कडेनं चिरते,” वाहिद म्हणाला. “हे तीन गोल भोकं आहेत, एका ओळीत. कापसाचे बोरे शिवायच्या दाभनाचे. काळ्या कपड्याखाली पाव तास कोन होतं, ते तुम्हीच सांगा.”

फुलसिंग गाडीकडे गेला. सीटखाली महाराजांची झोळी होती. ती त्यानं उलटी केली. एक दाभण, पंपाच्या बोल्टांचे दोन पाने आणि गिअरबॉक्समध्ये टाकायच्या घट्ट तेलाची बाटली, तिच्यावर ‘अभिमंत्रित’ अशी चिठ्ठी. घट्ट तेलानं काही दिवस धूर दबतो, हे कोणताही मिस्त्री सांगेल.

ऑटोवाल्यांनी महाराजांना स्टँडवरून धरून आणलं. कुठल्याशा जिल्ह्यात हा गृहस्थ सात वर्षं डिझेल पंप दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता, हे त्यानंच कबूल केलं. आता कुठे प्राण गेला आणि कुठे रक्त! “पोटासाठी केलं, माफ करा,” एवढाच मंत्र उरला होता. लोक मारायला धावले, तेव्हा जया मध्ये उभी राहिली. “मारू नका त्याले, पोलिसात द्या. त्याचा धंदा त्यानं एकट्यानं नाई चालवला, आपन हात जोडून चालवला.”

महाराजांना ठाण्यावर नेलं. मग सगळी गर्दी वाहिदकडे वळली. फुलसिंगनं त्याचे हात धरले. “चुकलो, मिस्त्री. तू खरं बोलत होता, अन् आमी तुले जळका म्हनलो.”

हीच ती घडी. बावीस वर्षं जिची वाट पाहिली, ती. सगळं गाव त्याच्याकडे पाहत होतं, आणि गोविंदा, जुना गोविंदा, अगदी त्याच नजरेनं पाहत होता जिच्यासाठी वाहिद इतके दिवस तडफडला होता. गप्प बसला असता, तर ती नजर त्याचीच होती. कुणाला कळलं असतं? हजराबीशिवाय कुणालाच नाही.

“मी खरं नाई बोललो,” वाहिद म्हणाला. “पहाटं डबा ओतते म्हनलो, ते सपशेल चूक होतं. अन् मी जळतच होतो. फुलसिंग बरोबर बोलला.” त्यानं गोविंदाकडे पाहिलं. “डिझेल आहे हे मले शुक्रवारीच समजलं, गोविंदा. दोन दिवस मी काहीच सांगतलं नाई. तुही गाडी फुटावी, असं वाटलं मले.”

गोविंदाच्या तोंडावरचा रंग उतरला.

“जया दोन दिवस या गाडीत बसत होती, वाहिद,” तो हळू म्हणाला.

“हो.”

“अन् तू रोज समोर उभा होता.”

“हो.”

“मंग आता तुहंतरी काहून मानू मी? त्यानं मले फसवलं, तू मले मरू देत होता. आता रिंगा गेल्या म्हनशीन, इंजिन खोल म्हनशीन. कायच्या भरवशावर खोलू?”

वाहिद गर्दीकडे वळला. तो एकट्या गोविंदाला नाही, सगळ्यांनाच सांगू लागला.

“नको मानू. माह्यं बी नको मानू. तो गोड बोलत होता, म्हनून तुम्ही मानलं, अन् ते खोटं निघालं. मी जळून बोलत होतो, म्हनून तुम्ही नाई मानलं, अन् मीबी तवा चूकच होतो. मानूस कसा आहे, यावरून इंजिनात काय आहे ते समजत नाई, बाप्पा! मानूस चांगला असो का हलकट. काडी काढा, हुंगा, कागदावर थेंब टाका. झाकून करते त्याले म्हना, उघडून कर. उघडून करते त्यालेबी विचारा, हे असंच कायवरून? मी शुक्रवारी कपडा हुंगला, म्हनून मले समजलं. ते तुम्हाले कोनालेबी पह्यल्याच दिवशी समजलं असतं.” आणि मग गोविंदाकडे वळून, “दुसऱ्या कोन्या मिस्त्रीकडे ने गाडी. यवतमाळले ने. पन खोलतानी तिथं उभा राह्य.”

गोविंदानं बॉनेट लावलं. त्यानं जयाला सोबत घेतलं आणि दोघं पायी घरी गेले. गाडी चार दिवस झाडाखाली उभी राहिली. त्या चार दिवसांत वाहिदच्या शेडात बऱ्याच गाड्या आल्या, पण त्याचं लक्ष कामात नव्हतं. हजराबी त्याच्याशी कामापुरतंच बोलत होती.

पाचव्या दिवशी सकाळी गोविंदा फुलसिंगच्या जीपनं गाडी ओढत घेऊन आला आणि शेडाच्या तोंडाशी उभी केली. येताना त्यानं घरून एक पाट आणला होता. तो त्यानं इंजिनापासून हातभर अंतरावर मांडला आणि बसला.

“खोल,” तो म्हणाला. “प्रत्येक बोल्ट काढतानी सांग, कायले काढून राह्यला. मले समजलं नाई तं दुसरा काढू देनार नाई.”

वाहिदनं पहिला बोल्ट सैल केला आणि तो कशाचा ते सांगितलं. गोविंदानं विचारलं, “कशावरून?” वाहिदनं दाखवलं. मग दुसरा. दुपारपर्यंत अर्धंही इंजिन खुलं झालं नव्हतं, इतके प्रश्न गोविंदा विचारत होता. संध्याकाळी चारही पिस्टन बाहेर आले. वाहिदनं प्रत्येकाची जुनी रिंग ज्याच्या त्याच्या सिलिंडरमध्ये बसवून दाखवली. नव्या रिंगेच्या दोन टोकांमधल्या फटीत पातळ पत्रीही जेमतेम जावी, तिथे गोविंदाचं नख आरपार गेलं. त्यानं नख बाहेर काढलं, शेजारच्या सिलिंडरमध्ये घालून पाहिलं, मग तिसऱ्यात, मग चौथ्यात.

“गेल्या आहेत,” गोविंदा म्हणाला. “मी पाह्यल्या.”